टेकडाऊन .22 रायफल: आठ महिने वापरल्यावर, आणि पुराच्या एका रात्रीनंतर

वजन किती, नळी केवढी, मॅगझिनमध्ये किती काडतुसं बसतात हे सगळं माहितीपत्रकात आहे, ते परत लिहीत नाही. मी लिहायला बसलोय ते एका कड्यामुळे. टेकडाऊन, म्हणजे सुटी करून ठेवता येणाऱ्या रायफलीत, नळी आणि बॉडी जिथे जुळतात तिथे एक गोल कडं असतं. नळी आत सारायची, पाव वळसा द्यायचा, खटकन आवाज आला की बसली. तो सांधा किती घट्ट राहणार हे ते कडं ठरवतं. माझ्या रायफलीचं कडं ढिलं पडतं. शंभरेक बार झाले की नळी हातात धरून हलवली तर बारीकशी टकटक जाणवते. कानाला ऐकू येत नाही, तळहाताला कळते.

हे शस्त्र घेतलं कशासाठी ते आधी सांगतो, कारण त्यावरच सगळं ठरलं. आमचं घर नदीच्या बाजूला सखल भागात आहे. घर तातडीने सोडायची वेळ कधीही येऊ शकते. अशा वेळी बंदूक सोबत न्यायची ती कुणाशी दोन हात करायला, असं मला कधीच वाटलं नाही. आठवडाभर उघड्या पडलेल्या घरात शस्त्र मागे ठेवलं, तर ते कुणाच्या हाती लागेल याचा नेम नाही. माझ्या मते सोबत नेण्याचं पहिलं कारण हेच. बाकीची कारणं त्यानंतर.

आधी घरात वडिलांची बारा बोअरची बंदूक होती. भरवशाची होती, पण लांब, आणि पंचवीस काडतुसं घेतली की किलोभर ओझं नुसतं त्यांचंच. एका हातात आईचा हात आणि खांद्यावर ती, हे जमणारं नव्हतं. रीतसर परवान्यावरून कमी करून ती विकली. पिस्तुलाचाही विचार केला. कमरेला बसतं, दोन्ही हात मोकळे राहतात. पण पिस्तुलाला सतत सराव लागतो आणि माझा तेवढा होत नाही. दहा मीटरच्या पुढे माझा नेम लागत नाही हे मला माहीत आहे, मग गर्दीत ते कमरेला लावून काय उपयोग? शिवाय नऊ एमएमची पन्नास काडतुसं म्हणजे सहाशे ग्रॅम. .22 बोअरची शंभर काडतुसं साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. हा हिशोब मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर स्वतः करून पाहिला आणि .22 घ्यायचं ठरवलं.

सुटी करून पिशवीत टाकायची रायफल ही कल्पना जुनी आहे. यूजीन स्टोनर या शस्त्ररचनाकाराने आर्मालाइट कंपनीसाठी केलेली एआर-7 बाजारात आली 1959 मध्ये. तिची नळी, बॉडी, मॅगझिन सगळं दस्त्याच्या पोकळीत मावतं आणि ती पाण्यावर तरंगते. त्याच्या आधी अमेरिकी हवाई दलाने वैमानिकांसाठी एआर-5 स्वीकारली होती, तीही अशीच दस्त्यात मावणारी. दोन्हींमागचा विचार एकच: शस्त्र सगळा वेळ पिशवीत राहणार, बाहेर निघणार ते क्वचित. मला हेच हवं होतं.

पहिले दोन महिने मी खूश होतो. पंचवीस मीटरवर दहा गोळ्या अंगठ्याएवढ्या जागेत. मग त्या हळूहळू पसरायला लागल्या आणि तिसऱ्या महिन्यात तळहाताएवढी जागा व्यापली. आधी वाटलं माझाच हात बिघडला. नंतर ती टकटक जाणवली. जिथून घेतली तिथे नेली तर उत्तर मिळालं, "सगळ्यांचं असंच असतं, हाताने घट्ट करत जा." हट्टाने ठेवून आलो. पाच आठवडे ठेवली आणि परत दिली ती कड्याला चिकट द्रव लावून. कडं आता जागचं हलेना, पण ते अर्धा वळसा जास्त घट्ट असतानाच चिकटवलेलं, त्यामुळे नळीच पूर्ण बसेना. फोन केला तर म्हणे तुम्ही काहीतरी केलं असेल, वॉरंटी लागू नाही. त्या पाच आठवड्यांत घर सोडायची वेळ आली असती तर? हा प्रश्न मी त्यांना तीनदा विचारला, तिन्ही वेळा फोनवर शांतता. शेवटी ओळखीच्या एका जुन्या कारागिराने ते मोकळं करून दिलं, पैसेही घेतले नाहीत. चौथ्या महिन्यात हा अनुभव लिहिला असता तर सरळ लिहिलं असतं की घेऊ नका.

त्या कारागिराने जे शिकवलं ते माहितीपत्रकात एका ओळीत उरकलंय. नळी जोडून कडं हाताने फिरेल तेवढं घट्ट करायचं, नळी काढून परत जोडायची, किंचित जरी हलली तरी पुन्हा तेच. दोन-तीन फेऱ्यांत ती टकटक जाते. मग मुलीकडून लाल नेलपॉलिश मागून कड्यावरून बॉडीवर एक बारीक रेघ ओढली. रेघ जुळलेली असेल तर कडं जागेवर आहे. मोडली असेल तर अंधारात टॉर्चच्या उजेडातही दिसते. आणखी एक गोष्ट त्यानेच लक्षात आणून दिली. या रायफलीची नेम धरायची माशी आणि मागची खाच दोन्ही नळीवरच आहेत, त्यामुळे सांधा थोडा ढिला झाला तरी नेम फारसा हलत नाही. मी हौसेने बॉडीवर दुर्बीण बसवली होती. नळी एकीकडे, दुर्बीण दुसरीकडे, म्हणून गोळ्या पसरत होत्या. दुर्बीण काढली. तो खर्च वाया गेला याचं अजून वाईट वाटतं.

फुसक्या बारांबद्दल. .22 सारख्या रिमफायर काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, तो कुठे कमी पडला की बार होत नाही. आठ महिन्यांत सहाशे वीस बार, त्यात सात फुसके. नळी सुरक्षित दिशेला धरून तीस सेकंद थांबायचं, मगच बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता भाग) मागे घ्यायचा. ही सवय मोडू नका.

आता ती रात्र. सहाव्या महिन्यात, रात्री सव्वादोनला भोंगा वाजला आणि लगेच निघा म्हणून फोन आला. बायकोने मुलीला उठवलं, मी आईची औषधं आणि कागदपत्रं घेतली. रायफल सुटी करूनच पिशवीत ठेवलेली, काडतुसं वेगळ्या डब्यात, परवान्याची प्रत प्लास्टिकच्या पाकिटात. कपाटातून पिशवी काढून गाडीच्या डिकीत टाकायला एक मिनिटही लागलं नाही. बारा बोअर असती तर मी तिथेच अडकलो असतो. तिथपर्यंत सगळं मनासारखं झालं.

निवाऱ्याच्या दाराशी अडलं. आत शस्त्र चालणार नाही. दारावरच्या स्वयंसेवकाने शांतपणे सांगितलं, त्याचं काहीच चुकलं नव्हतं. चारशे माणसं आणि लहान मुलं एका छताखाली झोपणार तिथे हाच नियम हवा. पण गाडीत पिशवी नुसती सोडून जाणं मला पटेना, कारण पिशवीच्या चेनला कुलूप नव्हतं. आईला आत नेऊन बसवलं आणि मी परत गाडीत येऊन बसलो, उजाडेपर्यंत. आईला रात्री दोनदा उठावं लागतं, आधार लागतो. ते सगळं बायकोने एकटीने केलं, मुलीला मांडीवर घेऊन. सकाळी आई एवढंच म्हणाली, "तू कुठे होतास रे?"

2005 साली कॅट्रिना वादळानंतर न्यू ऑर्लीन्समध्ये लोकांची कायदेशीर शस्त्रंही जप्त केली गेली, आणि 2006 मध्ये अमेरिकेत अशा जप्तीला मनाई करणारा कायदा आला. या विषयावर बोलणारे हे उदाहरण हमखास देतात. मला त्या रात्री कुणी काही जप्त केलं नाही. माझ्या पिशवीला कुलूप नव्हतं, एवढीच गोष्ट, आणि त्यापायी मी आईजवळ नव्हतो.

दुसरा फटका तीन दिवसांनी कळला. पिशवीला आतून फोम आहे. त्याने पावसाचं पाणी शोषलं आणि धरून ठेवलं. घरी येऊन उघडली तर नळीवर तांबूस ठिपके, फोम टेकला होता अगदी तिथेच. तेलात भिजवलेल्या फडक्याने घासून बरेच गेले, दोन खड्डे राहिले. फोम कापून फेकून दिला. आता नळी तेल लावलेल्या सुती कापडात गुंडाळून ठेवतो, सोबत सिलिका जेलच्या पुड्या.

म्हणजे मी दोन महिने कड्यावरून भांडत होतो आणि खरी उणीव पिशवीत होती. तरी कड्याबद्दलचा राग गेलेला नाही. एवढ्या किमतीच्या वस्तूत सांधा घट्ट राहणं ही किमान अपेक्षा आहे.

आता कठीण कवचाची, दोन कुलपांची पेटी घेतली आहे. रायफलीच्या मानाने महाग पडली, पण यात काटकसर करणार नाही. पेटीच्या कडीतून पोलादी दोर काढून गाडीच्या सीटच्या सांगाड्याला बांधतो. पहिला दोर आखूड निघाला, सीटखालून फिरवल्यावर कुलपापर्यंत चार बोटं कमी पडत होता. घेण्याआधी गाडीत सुतळी फिरवून माप घ्या आणि त्यात वीतभर जास्त धरा. मी कालच नवा आणून लावून पाहिला, अंधारात, टॉर्च तोंडात धरून. दीड मिनिट लागलं. एका मिनिटाच्या आत यायला हवं, या आठवड्यात रोज करून बघणार आहे.