दादरचं जमीला सलीमपूर वर्कशॉप: बेली डान्स मनापासून शिकायचाय त्यांनी जावंच

बेली डान्सचे क्लास आता मुंबईत अंधेरी, वांद्रे, पवई कुठेही मिळतात, पण बऱ्याच ठिकाणी होतं काय, एक गाणं घेतात, त्यावर चार स्टेप्स बसवतात, शेवटच्या दिवशी रील शूट होते आणि विषय संपला. दादर पश्चिमेला कबुतरखान्यापासून चालत जाता येईल अशा एका हॉलमध्ये रविवारी सकाळी जे वर्कशॉप चालतं ते तसलं अजिबात नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

इथे अख्खं वर्कशॉप बेली डान्स शिकवणाऱ्या एकाच बाईच्या पद्धतीवर आहे, जमीला सलीमपूर. नाव ऐकून इजिप्तची वाटेल, पण जन्म 1926 चा, न्यूयॉर्कचा, घराणं सिसिलीचं. वडील नौदलात असताना इजिप्तला राहून आलेले, तिथल्या बायका कशा नाचतात ते घरी करून दाखवायचे, तेवढंच काय ते बाळकडू. सोळाव्या वर्षी पोरगी सर्कशीत गेली, रिंगलिंग ब्रदर्सच्या, अ‍ॅक्रोबॅट म्हणून. नंतर लॉस एंजेलिसला आल्यावर इजिप्शियन सिनेमे बघायला लागली आणि पडद्यावरच्या तहिया कारिओका, सामिया गमाल यांचं बघून बघून शिकली, गुरू असा कोणी नाहीच. आता या दोघी तयार झाल्या कुठे, तर कैरोत बदिया मसाबनीच्या क्लबात, आणि तो क्लब सुरू झाला 1926 मध्येच. शिकवणाऱ्या ताईंनी हे सांगितलं तेव्हा मला फार भारी वाटलं, म्हणजे जमीलाचा जन्म आणि ज्या स्टेजवरून हा नाच जगभर गेला त्या स्टेजचा जन्म, दोन्ही एकाच वर्षातले.

पुढे ती सॅन फ्रान्सिस्कोला गेली. तिथल्या क्लबांत तुर्कस्तान, मोरोक्को, इजिप्त अशा कुठल्या कुठल्या देशांच्या नर्तकी यायच्या, प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. ही बघत राहायची, लक्षात ठेवायची आणि प्रत्येक हालचालीला नाव देऊन रांगेत बसवायची. तोवर हा नाच शिकायचा म्हणजे मागे उभं राहायचं आणि पुढचीचं बघून करायचं. नावं पडल्यावर वर्गात नुसतं 'माया' म्हटलं की वीस जणी एकाच वेळी तेच करायला लागल्या. माया म्हणजे कंबरेने उभा आठ काढायचा, एक बाजू वर उचलायची, बाहेर न्यायची, खाली सोडायची, मग दुसरी, आणि ही स्टेप माया नावाच्या नर्तकीची म्हणून तिचंच नाव दिलेलं. श्रेय जिचं तिला, हे मला खूप आवडलं, कारण आपल्याकडेही कितीतरी बायकांच्या अदा त्यांच्या नावाशिवायच फिरतात.

लग्नानंतर नवऱ्याला तिचं स्टेजवर नाचणं मान्य नव्हतं, तो स्वतः इराणी, ताल वाजवणारा. 1966 मध्ये मुलगी सुहैला झाली आणि मग जमीलाने सगळा जोर शिकवण्यावर लावला. 1968 मध्ये विद्यार्थिनींना घेऊन बाल अनात नावाचा ग्रुप काढला, जत्रेसारख्या उघड्यावरच्या रेनेसाँ फेअरमध्ये नाचण्यासाठी. तलवार, साप, मुखवटे, एकामागून एक वेगवेगळे नाच, सगळं एकाच कार्यक्रमात. तिच्या विद्यार्थिनी पुढे मोठ्या शिक्षिका झाल्या, बेली डान्सच्या ज्या प्रकाराला आज ट्रायबल स्टाइल म्हणतात त्याचं मूळ शोधत गेलं तर तिच्याच वर्गाशी येऊन थांबतं. 2017 मध्ये ती गेली, वयाच्या 91 व्या वर्षी. सुहैला तीच पद्धत पुढे चालवतेय.

आता वर्गात काय होतं ते. पहिला तास फक्त झिल्स, म्हणजे बोटांत घालायच्या छोट्या पितळी झांजा, दोन्ही हातांत अंगठ्याला एक आणि मधल्या बोटाला एक. इलॅस्टिक नखाच्या मुळापासून पहिल्या पेरापर्यंतच्या जागेत घट्ट बसलं पाहिजे, सैल झालं की झांज गोल फिरते आणि आवाज बोदा येतो. ताई स्वतः एकेकीजवळ येऊन इलॅस्टिकची गाठ बघतात. मग उजवा, डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, आधी बसून, मग उभं राहून, मग चालत, आणि ते चालणं जमायला लागलं की त्यावर कंबर. हात थांबला तर कंबर चालू, कंबर थांबली तर हात चालू, पहिल्या दिवशी डोकं अक्षरशः बधिर होतं. पण दरबुकावर, म्हणजे अरबी ढोलकीवर, मकसूम हा ताल लागतो, दुम तेक तेक, दुम तेक, आणि एका क्षणी सगळ्या हॉलच्या झांजा एकत्र पडतात ना, त्यासाठी फी वसूल आहे. जमीलाने झिल्सवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती, तिच्या शिकवण्यात हे तोंडी लावण्यापुरतं कधीच नव्हतं आणि इथेही नाहीये.

ताईंची अजून एक गोष्ट फार पटली. त्या स्पष्ट सांगतात की बाल अनातचे कपडे आणि मांडणी यात जमीलाची स्वतःची कल्पना भरपूर होती, कुठल्या एका गावातला नाच जसाच्या तसा आणलेला नाहीये. म्हणून ज्यांना निव्वळ कैरोची शैली हवीय, 1959 मध्ये निघालेल्या रेदा ट्रूपसारखं, म्हणजे तिथले लोकनृत्य स्टेजवर आणणाऱ्या ग्रुपसारखं, इजिप्तचं काम शिकायचंय, त्यांना इथे अर्धवट वाटेल. इजिप्तचा भाग एकाच सकाळी उरकला, तो अजून हवा होता असं मी फीडबॅकमध्ये लिहून दिलंय.

तक्रारी आहेत. फरशी कडक आहे, गुडघे दुखतात, चटई असती तर बरं झालं असतं. नव्या आणि जुन्या मुली एकाच बॅचमध्ये असल्याने नवीन मुली मागच्या रांगेत हरवतात. एसी एका कोपऱ्यात, दुसऱ्या कोपऱ्यात घामाच्या धारा, मे महिन्यात तर विचारूच नका. फी महिन्याला साडेतीन हजार, झिल्सचे वेगळे पैसे, मुंबईच्या मानाने ठीक म्हणेन.

आणि हो, घरच्यांचं. माझ्या सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, पण एका रविवारी सोबत येऊन बसल्या आणि घरी येताना टॅक्सीत लावणीबद्दलच बोलत होत्या, यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळायला 2012 उजाडलं म्हणून. नाचणाऱ्या बाईला आधी नावं ठेवायची आणि ती म्हातारी झाल्यावर शाल द्यायची, हे कैरोतही तेच आणि इथेही तेच, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच जमीलाबद्दल इतकं तपशिलात शिकवणारी जागा मला महत्त्वाची वाटते.

जायचं असेल तर गणपतीनंतरची बॅच धरा, तेव्हा नवीन मुली जास्त असतात. दहा मिनिटं आधी पोचा, पुढची रांग पटकन भरते. शोभेच्या दुकानातल्या स्वस्त झांजा घेऊ नका, त्यांना इलॅस्टिकसाठी भोकं नीट नसतात, ताईंकडे वापरायला मिळतात त्या घ्या आणि महिनाभराने ठरवा स्वतःच्या घ्यायच्या का.