गेम पाहून सुचलेली पक्ष्यांची वही: नीओसिटीज वापरल्यानंतरचा अनुभव

पहिलीवहिली वेबसाइट करायची असेल आणि ती तयार साच्यातली नको असेल, तर नीओसिटीज ही वेबसाइट ठेवायची सेवा बिनधास्त घ्या. पावसाळ्यात खातं उघडलं, आता सोलापुरात ऊन तापायला लागलंय. मधल्या काळात साइट बऱ्याचदा उलटीपालटी केली, आणि अजूनही रात्री जेवण झालं की तिच्यात काहीतरी करत बसावंसं वाटतं.

कल्पना 'स्टारड्यू व्हॅली'वरून सुचली. एरिक बॅरोनने एकट्याने बनवलेला हा शेतीचा गेम 2016 साली आला. त्यात संग्रहाचं एक पान आहे. न मिळालेली वस्तू तिथे नुसती गडद आकृती म्हणून दिसते, मिळाली की तिच्यात रंग भरतो. मी हिप्परगा तलावावर आणि नान्नजच्या माळावर पक्षी बघत फिरतो, तेव्हा माझी वहीही अशीच हवी, हे लगेच मनात बसलं. दिसलेला पक्षी रंगीत, न दिसलेला काळा. नान्नजचं अभयारण्य 1979 पासून माळढोकासाठी राखलेलं आहे आणि माझ्या पानावर माळढोकच काळा आहे. तो तसा दिसणं मला फार गरजेचं वाटतं. नुसती यादी असती, तर न दिसलेला पक्षी तिच्यात आलाच नसता.

करायला हे सोपं आहे. पिस्केल या ब्राउझरमध्येच चालणाऱ्या फुकट साधनात पक्षी काढायचा, पार्श्वभूमी पारदर्शक ठेवून पीएनजी चित्र म्हणून उतरवायचा. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, एक क्लास (नाव दिलेला नियम) करून त्यात फिल्टरचा ब्राइटनेस शून्य केला की तेच चित्र काळं पडतं. पक्षी दिसला की त्याच्या चित्रावरचा तो क्लास काढून टाकायचा, झालं. चित्रं मोठी करताना 'इमेज-रेंडरिंग: पिक्सेलेटेड' लिहा आणि पूर्ण पटीतच वाढवा. सोळा ठिपक्यांचं (पिक्सेलचं) अठ्ठेचाळीस केलं की छान दिसतं, चाळीस केलं की काही ठिपके जाड आणि काही बारीक होतात. गेममधली चित्रं उचलून लावू नका. स्वतः काढलेला वाकडा बगळाही आपला असतो.

सगळ्यात जास्त वेळ पानाभोवतीच्या चौकटीवर गेला आणि तो वेळ सार्थकी लागला. सुरुवातीला गेमसारखी लाकडी चौकट होती. नंतर घरातल्या सोलापुरी चादरीचा काठ समोर ठेवून नक्षी ठिपक्याठिपक्याने काढली. चादरीची नक्षीही आधी ग्राफच्या कागदावर चौकोन भरूनच तयार होते, त्यामुळे ती पिक्सेलमध्ये अगदी सहज उतरली. सीएसएसमधली 'बॉर्डर-इमेज' एका चित्राचे नऊ भाग करते: चार कोपरे, चार कडा आणि मधला भाग. रिपीटला 'राउंड' दिलं की पान कितीही रुंद असो, नक्षी अर्धवट तुटत नाही. ती चौकट लागली आणि साइट सोलापूरची वाटायला लागली.

ऋतूंचंही तसंच. गेममध्ये चार ऋतू, प्रत्येकी 28 दिवसांचे. आपल्याकडे पानगळीचा वेगळा ऋतू धरून काय करायचं? मी तीनच ठेवले. महिना बघून पार्श्वभूमी बदलते आणि हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांचं पान आपोआप वर येतं. महिना बघणारी जावास्क्रिप्ट ही भाषा जानेवारीला शून्य धरते, तेवढं ध्यानात असू द्या.

मराठीत साइट करणाऱ्यांनी इथे नीट लक्ष द्या. अक्षरांमधलं अंतर, म्हणजे 'लेटर-स्पेसिंग', वाढवू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. ओळींमधलं अंतर मात्र सढळ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. पानाची भाषा सांगणाऱ्या 'लँग'मध्ये मराठीसाठी 'एमआर' लिहा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे उमटतात. गेमसारखे ठोकळेबाज फॉन्ट बहुतेक रोमन लिपीपुरतेच असतात, म्हणून मी चित्रं पिक्सेलची आणि मजकूर साध्या, वाचनीय फॉन्टमध्ये ठेवला. वाचणाऱ्याचे डोळे आधी, गेमचा थाट नंतर.

गेममधल्या पट्टीसारखे बारा चौकोन एका ओळीत कॉम्प्युटरवर झकास दिसतात, पण आपल्याकडे लोक साइट फोनवरच उघडतात. तिथे एका ओळीत तीन चौकोन केले आणि माउस नेल्यावर दिसणारी पक्ष्यांची नावं कायमची खाली छापली. आईला पहिल्यांदाच न विचारता हवं ते पान सापडलं.

आता नीओसिटीजबद्दल. ही सेवा 2013 पासून आहे. फुकटात 1 जीबी जागा मिळते आणि जाहिराती नाहीत. पिक्सेल चित्रं काही केबींची असतात, त्यामुळे जागा भरता भरत नाही. फुकट खात्यात एमपी 3 चढवता येत नाही, म्हणून पक्ष्यांचे आवाज नाहीत. त्यासाठी आणि स्वतःच्या डोमेनसाठी (साइटच्या स्वतंत्र पत्त्यासाठी) महिना 5 डॉलरचं खातं आहे. पीएचपी, डेटाबेस असलं सर्व्हरवर चालणारं काही तिथे चालत नाही. दुकान किंवा लॉगिन हवं असेल त्यांनी दुसरीकडे बघावं. वहीसारख्या साइटला मात्र याहून जास्त काही लागत नाही.

आणि मोठा बदल करण्याआधी अख्खी साइट झिपमध्ये उतरवून घ्या, ती सोय तिथेच आहे. जुनी लाकडी चौकट माझ्याकडे अजून आहे ती त्यामुळेच.