सामूहिक वनासाठी उपग्रह-प्रतिमा कोणती निवडावी?

वन अधिकार कायदा, २००६ अन्वये गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाचा सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क २००९ मध्ये मान्य झाला. एवढे रान दरवर्षी पायी फिरून कानाकोपऱ्यापर्यंत पाहणे कोणत्याही ग्रामसभेला अवघड असते, म्हणून व्यवस्थापन आराखडा करताना उपग्रह-प्रतिमांचा विचार पुढे येतो. बहुतेक ठिकाणी सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या प्रतिमांपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

अमेरिकेची लँडसॅट आणि सेंटिनेल-२ या दोन्ही उपग्रह-मालिकांच्या प्रतिमा विनामूल्य मिळतात. लँडसॅटच्या प्रतिमेतील एक चौकोन (प्रतिमेचा सर्वांत लहान ठिपका) ३० मीटर बाजूचा, म्हणजे जवळपास नऊ गुंठ्यांचा असतो. सेंटिनेल-२ च्या मुख्य पट्ट्यांत (प्रकाशाच्या वेगवेगळ्या रंगांच्या नोंदींत) तो १० मीटर बाजूचा, म्हणजे साधारण एका गुंठ्याचा असतो. त्यामुळे नाल्याकाठची अरुंद झाडी किंवा अर्ध्या एकराची तोड लँडसॅटमध्ये आजूबाजूच्या रानात मिसळून जाते, ती सेंटिनेल-२ मध्ये ओळखता येते. मात्र सेंटिनेल-२ चा संग्रह २०१५ पासूनचा आहे. जंगल पूर्वी कसे होते आणि कोणता भाग केव्हा विरळ झाला हे पुनरुज्जीवनाआधी कळायला हवे, आणि त्यासाठी १९८० च्या दशकापासून ३० मीटरच्या नोंदी असलेल्या लँडसॅटला पर्याय नाही.

यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न ऋतूचा आहे. गडचिरोलीचे रान पानगळीचे असल्याने एप्रिलमधील प्रतिमेत सागाचे निरोगी जंगलसुद्धा उजाड दिसते. नोव्हेंबरची प्रतिमा आणि पुढच्या एप्रिलची प्रतिमा शेजारी ठेवून ‘जंगल घटले’ असा निष्कर्ष काढणे ही मोठीच चूक ठरते. एकाच महिन्याच्या, वेगवेगळ्या वर्षांच्या प्रतिमांचीच तुलना करावी. उलट, उन्हाळ्यातही हिरवे राहणारे पट्टे ओल कुठे टिकते ते दाखवतात, आणि रोपे कुठे लावावीत हे ठरवताना त्याचा फार उपयोग होतो.

पावसाळ्यात ढगांमुळे लँडसॅट आणि सेंटिनेल-२ या दोन्हींच्या प्रतिमा बहुधा निरुपयोगी होतात. सेंटिनेल-१ या दुसऱ्या युरोपीय उपग्रह-मालिकेचे रडार ढगांपलीकडे पाहते. पण त्याच्या साडेपाच सेंटिमीटरच्या लहरी मुख्यतः वरच्या पानांवरून आणि डहाळ्यांवरून परततात, शिवाय डोंगरउतारावर प्रतिमा विकृत होते. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या निसार या नासा-इस्रोच्या रडार-उपग्रहाच्या सुमारे २४ सेंटिमीटरच्या लहरी फांद्या-खोडांपर्यंत पोहोचतात, त्यामुळे वनातील जैवभार (झाडाझुडपांचे एकूण वजन) मोजण्यासाठी तो अधिक योग्य आहे. तरीही रडारचे वाचन शिकलेला माणूस हाताशी नसेल, तर या वाटेने सुरुवात करू नये.

भारतीय वन सर्वेक्षणाचा अहवाल रिसोर्ससॅट या भारतीय उपग्रहाच्या लिस-३ कॅमेऱ्याच्या प्रतिमांवर (२३.५ मीटर) आधारलेला असतो. एक हेक्टर किंवा अधिक क्षेत्रावर झाडांच्या माथ्यांचे किमान दहा टक्के छत्र असले की त्यात वनाच्छादन धरले जाते, मग ती बाग असो वा लागवड. सिंधुदुर्गातील दोडामार्गसारख्या तालुक्यात नैसर्गिक जंगल जाऊन रबर किंवा काजू आला, तरी ती लागवड वाढल्यावर आकड्यांत हिरवळच दिसू शकते. राज्याचे चित्र समजण्यास हा अहवाल योग्य आहे, गावाच्या निर्णयासाठी नाही.

खासगी कंपन्यांच्या अर्ध्या मीटरच्या प्रतिमा विकत घेण्याचा मोह होतो. त्यांत झाडाचा माथा वेगळा दिसतो, परंतु दाट छत्राखाली माजलेली घाणेरी त्यांतही दिसत नाही आणि नुकतेच लावलेले वीतभर रोपही नाही. सह्याद्रीतील सड्यांसारखे (खडकाळ पठारांसारखे) नैसर्गिक गवताळ भाग तर कोणत्याही प्रतिमेत सहज ‘पडीक’ ठरतात आणि तिथे खड्डे खणले जातात, म्हणून लागवडीचा नकाशा गुराख्यांना दाखवल्याशिवाय पक्का करू नये. विकतच्या प्रतिमांचा पैसा जीपीएसने ठिकाण निश्चित केलेले पाहणीचे चौरस आखण्यावर आणि त्यांतील जिवंत रोपे दर उन्हाळ्यात मोजणाऱ्यांच्या मजुरीवर खर्च करावा. ती मोजणी क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या विनामूल्य संगणक-प्रणालीत सेंटिनेल-२ च्या प्रतिमेवर बसवता येते.