गिरणीच्या जागेवरील सव्वादोनशे फुटांचे घर : तिन्ही ऋतू राहून पाहिल्यानंतर

गिरणी कामगारांसाठीच्या सोडतीत वडिलांच्या नावाने लागलेल्या घरात आम्ही चौघे गेल्या वर्षी राहायला आलो आणि आता उन्हाळा, पावसाळा व हिवाळा असे तिन्ही ऋतू येथे काढून झाले आहेत. परळ भागातील एका बंद गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या बहुमजली इमारतीत, बऱ्याच वरच्या मजल्यावर, २२५ चौरस फूट चटईक्षेत्राचे हे घर आहे. इमारतीचे आणि ठेकेदाराचे नाव मुद्दाम देत नाही, कारण येथील बरेचसे गुणदोष एका इमारतीचे नसून गिरण्यांच्या जमिनीची वाटणी ज्या पद्धतीने झाली त्यातून आलेले आहेत.

सर्वांत मोठा गुण म्हणजे जागेचे ठिकाण. यापूर्वी आम्ही नालासोपाऱ्याला राहत होतो आणि घरातील दोघांचा दिवसाचा मोठा भाग लोकलमध्ये जात असे. आता बहीण कार्यालयात पायी जाते. तिचे कार्यालयही एका जुन्या गिरणीच्याच आवारात आहे. वडिलांच्या तपासण्यांसाठी केईएम रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे, मसाला कुटायला लालबाग आहे आणि दादरच्या मंडईत जाण्यासाठी बेस्टची बस पुरते. पर्यावरणपूरक घरांच्या जाहिरातींत सौरदिवे, झाडे आणि कमी पाण्याचे नळ यांचीच वर्णने जास्त असतात. आमच्या घरात मात्र इंधनाची खरी बचत झाली ती प्रवास संपल्यामुळे, आणि तिच्यासाठी कोणतेही यंत्र बसवावे लागले नाही. अर्थात परिसर या गर्दीसाठी तयार झालेला नाही. गिरण्यांच्या जागी कार्यालये उभी राहिली, पण स्थानके आणि पूल जुनेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी, स्थानकाच्या पुलावर झालेली चेंगराचेंगरी येथे कोणी विसरलेले नाही. संध्याकाळी सहानंतर स्थानकाकडे जाण्याचे काम आम्ही शक्यतो काढत नाही.

घराच्या आत काय बरे आणि काय वाईट आहे, हे समजण्यासाठी थोडा इतिहास सांगणे भाग आहे. गिरणगावातील, म्हणजे परळ-लालबागच्या या कापड गिरण्यांच्या पट्ट्यातील, ५८ गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८व्या नियमाने या जमिनीची ढोबळमानाने तीन वाट्यांत विभागणी ठरवली : एक वाटा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकाला. सर्व गिरण्यांचा एकत्रित आराखडा व्हावा, मोकळ्या जागा एकमेकींना जोडलेल्या असाव्यात, असा विचार वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९९६ साली मांडला होता; तो कागदावरच राहिला. पुढे २००१ मध्ये नियम बदलला आणि बांधकामाखालील क्षेत्र वगळून केवळ मोकळ्या जमिनीची वाटणी करायची असे ठरले. गिरणी म्हणजे बहुतांश शेडच असल्यामुळे सार्वजनिक वाटा एकदम आकसला. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याविरुद्ध दिलेला निकाल मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. उरलेल्या चिंचोळ्या तुकड्यांवर जास्तीत जास्त घरे बसवायची म्हटल्यावर इमारत उंच होणार, दोन इमारतींमधील अंतर कमी राहणार आणि घर लहान होणार, हे उघड होते.

त्याचा पहिला परिणाम हवेवर होतो. प्रत्येक मजल्यावर मधोमध लांब बोळ आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना घरे आहेत. म्हणजे प्रत्येक घराला हवेशीर बाजू एकच. दुसरी बाजू बोळात उघडते. आमच्या खिडकीसमोर शेजारच्या आलिशान मनोऱ्याची वाहनतळाची भिंत आहे. एप्रिल-मे महिन्यांत दार उघडे ठेवले तरच वारा वाहतो, आणि दार उघडे ठेवायचे तर समोरच्या घराशी नजरानजर होते. आम्ही दोन्ही घरांनी पडदे लावून हा प्रश्न सामोपचाराने मिटवला आहे. वडिलांची जुनी चाळीतील खोली याच्या निम्मीही नव्हती, शौचालय सामाईक होते, त्यामुळे चाळीचे गोडवे मी गाणार नाही. तरीही खोलीपुढची उघडी गॅलरी आणि मागची खिडकी यांमुळे तेथे जी हवा खेळत असे, ती येथे पंख्याच्या दोन वेगांनीही मिळत नाही. बोळात दिवसाही दिवे लावावे लागतात. बोळाच्या टोकाला नुसती एक जाळीची भिंत ठेवली असती तरी प्रकाश आणि वारा दोन्ही आत आले असते. तेथे खिडकी आहे, पण ती बंद काचेची आहे.

लहान आकाराबद्दल फार लिहीत नाही. चार माणसांना सव्वादोनशे फूट अपुरेच पडतात. स्वतंत्र संडास व न्हाणीघर, नीट ओटा आणि पाइप गॅस या सोयींचे मोल आईला सर्वांत जास्त वाटते, आणि तिचे मत मी शेवटचे मानतो. कपडे वाळत घालण्याची सोय मात्र आराखडा काढणाऱ्याच्या ध्यानातच आलेली नसावी. पावसाळ्यात घरभर दोऱ्या असतात आणि भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी धरते.

आता मुख्य मुद्दा, तो म्हणजे दरमहाच्या खर्चाचा. चाळीत घराला भाडे होते आणि ते नगण्य होते. येथे घर मालकीचे असले तरी इमारत सतत पैसे मागते. पाणी तळटाकीतून गच्चीवर चढवणारे पंप, उद्वाहने (लिफ्ट), अग्निशमन यंत्रणा, बोळातील दिवे आणि सुरक्षारक्षक या सर्वांचा भार प्रत्येक घरावर समान पडतो, आणि येथील बहुसंख्य कुटुंबे निवृत्त कामगारांची किंवा त्यांच्या वारसांची आहेत. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर पटावर असलेले कामगार या घरांसाठी पात्र ठरले. त्यातले बहुतेक कामगार आता म्हातारपणात आहेत. पावसाळ्यात दोनपैकी एक उद्वाहन बरेच दिवस बंद होते. गुडघे दुखणारी माणसे त्या काळात खाली उतरलीच नाहीत. दुरुस्तीच्या करारावरून सोसायटीत दोन तट पडले आणि थकबाकीदारांची यादी फलकावर लागली, ती मला मुळीच आवडली नाही.

पर्यावरणाच्या नावाने बसवलेल्या गोष्टींपैकी कोणत्या टिकल्या, हे या दरमहाच्या खर्चावरूनच ठरले. गच्चीवरील सौर पॅनेल चालू आहेत, कारण त्यांच्यामुळे बोळाच्या दिव्यांचे बिल दिसण्याइतके उतरले आणि सभेत तो आकडा वाचून दाखवता आला. पावसाचे पाणी जिरवण्याची व्यवस्था मुंबईत मोठ्या भूखंडांना बंधनकारक असल्यामुळे ती येथेही आहे, परंतु गाळणीचा खड्डा साफ करण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नाही आणि पहिल्या मोठ्या पावसातच तो गाळाने भरला. ओल्या कचऱ्याच्या खताचे यंत्र काही आठवडे चालले. ते फार वीज खात असल्यामुळे बंद झाले. त्याच्या जागी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन बायकांनी सुरू केलेले सच्छिद्र पिंप अजून व्यवस्थित चालू आहे. माझा निष्कर्ष असा की, ज्या सोयीचा महिन्याचा खर्च शून्य आहे किंवा जी बिल कमी करते, तीच अशा इमारतीत जगते. त्यामुळे आराखड्यातच हवा आणि उजेड देणे हाच येथे परवडणारा उपाय होता.

एक गोष्ट मनाला लागते. आवारातील जुन्या शेड पाडल्या गेल्या. करवतीच्या दात्यांसारखी छपरे, उत्तरेकडून येणारा सौम्य उजेड, सागवानी तुळया, सारे गेले. आता फक्त चिमणी उभी आहे. साचाखात्यात (मागांच्या विभागात) बदली, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी काम करणारा, कामगार म्हणून लागलेले वडील तिच्याकडे पाहत नाहीत, पण त्यांना उजेडाच्या दृष्टीने ती शेडच या इमारतीपेक्षा बरी वाटते.

ज्यांचे नाव अजून सोडतीत लागलेले नाही, त्यांच्यासाठी शासनाने कर्जतच्या लोकल मार्गावरील शेलू आणि वांगणी येथे घरांची योजना पुढे केली आहे आणि अनेक कामगार संघटनांचा तिला विरोध आहे. आमचा अनुभव पाहता मला तो विरोध रास्त वाटतो : वांगणीहून दादरला पोहोचण्यास सव्वा तासाच्या आसपास वेळ लागतो, आणि नालासोपाऱ्यात असताना आम्ही जे गमावत होतो ते तेथे पुन्हा गमवावे लागेल, घर थोडे मोठे असले तरी. ज्यांना गिरणगावातच ताबा मिळत आहे, त्यांनी तो जरूर घ्यावा. मात्र किल्ली घेण्यापूर्वी भर दुपारी दार-खिडकी उघडून वारा वाहतो का ते पाहावे, पंप आणि उद्वाहन यांच्या देखभालीचा करार किती वर्षांचा आहे हे लेखी मागावे आणि पहिल्याच सभेत दुरुस्ती निधी ठरवून घ्यावा. आमच्याकडे तो विषय पुढच्या महिन्याच्या सभेत येणार आहे.