कोंबड्यांच्या आवारावर टाकायची एचडीपीई जाळी : घारीपासून पिल्लं वाचवणारी, घारीला न मारणारी

परसातल्या पिल्लांवर घार किंवा शिक्रा (एक छोटा शिकारी पक्षी) झेपावू लागला की दुकानात दोन जाळ्या दाखवतात. एक बारीक, पारदर्शक नायलॉनची. दुसरी जाड पिळाच्या दोऱ्याची, हिरवी वा काळी एचडीपीई, म्हणजे एका टिकाऊ प्लास्टिकची. घ्यावी ती दुसरीच. पारदर्शक जाळी वरून येणाऱ्या पक्ष्याला दिसत नाही. तो वेगात आदळतो, पंख गुरफटतात आणि सोडवणारा पोहोचेपर्यंत दोरा मांसात रुतलेला असतो. शिवाय साध्या नायलॉनचा दोरा उन्हात ठिसूळ होऊन तुटायला लागतो. एचडीपीई घेतानाही ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड’ (ऊन सोसणारी) असं लिहिलेलीच मागावी.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दात फक्त गोळी घालणं येत नाही. विष घालणं, फास लावणं, पकडणं, घरट्याला वा अंड्यांना धक्का लावणं आणि मारण्या-पकडण्याचा नुसता प्रयत्न, हे सगळं त्यात येतं. पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीतल्या, प्राण्या-पक्ष्याबाबत २०२२ च्या दुरुस्तीनंतर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. मेलेल्या पिल्लावर कीटकनाशक टाकून ठेवणारे अजूनही आहेत. त्यात घारीबरोबर गावची कुत्री आणि शेतातले उंदीर खाणारी घुबडंही जातात.

खरेदीत सगळ्यात जास्त घोळ मापाचा होतो. मासेमारीच्या पद्धतीने विणलेल्या जाळीचं माप बरेचदा चौकोन ताणून सांगतात. ‘५० मिमी’ म्हणजे प्रत्यक्षात २५ मिमीची बाजू. म्हणून गाठ ते गाठ मोजूनच घ्यावी. २५ ते ३० मिमीच्या चौकोनातून घार, शिक्रा, कावळा कोणीच आत येत नाही. चिमण्या मात्र येतात, त्यामुळे खाद्य छपराखालीच ठेवावं. यापेक्षा बारीक जाळीत पाला अडकतो आणि पावसात ती जड होऊन खाली येते.

२० बाय १० फुटांच्या आवारासाठी २२ बाय १२ ची जाळी लागते, म्हणजे चारी बाजूंनी दुमडायला फूटभर मिळते. दीड इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचे खांब जमिनीवर सात फूट आणि दीड फूट काँक्रीटमध्ये असावेत. कोपऱ्याच्या खांबांना बाहेरून ताण द्यावा, नाहीतर ते आत झुकतात. वर १२ गेजची तार दर पाच फुटांवर, एका टोकाला टर्नबकल (तार आवळायचा पेच) लावून. जाळी तारेवर अंथरून काळ्या केबल टायने दर फुटावर बांधावी. पांढरे टाय उन्हात तडकतात. मधोमध हाताने दाबल्यावर चार इंचांपेक्षा जास्त दबली तर ताण कमी आहे. ढिल्या जाळीतच पक्षी अडकतो, जाड दोरा असला तरी. बाजूंना कोंबडीजाळी आणि वरच्या जाळीची कड तिच्यावर घट्ट शिवलेली हवी. शिक्रा बहुधा छतातून नाही, या फटीतूनच शिरतो.

चमकत्या फिती आणि प्लास्टिकच्या घुबडावर पैसे घालवू नयेत. घारी काही दिवसांतच सरावतात. कोंबड्या कापल्यावर उरलेली आतडी मात्र खोल पुरावीत, उघड्यावर टाकली की घारी रोजच येतात. पहिले सहा आठवडे पिल्लं डालग्याखाली किंवा जाळीतच ठेवावीत. मोठी कोंबडी घार सहसा उचलत नाही.

या जाळीची मोठी उणीव म्हणजे मुंगूस आणि रानमांजर. ती प्लास्टिकची जाळी फाडू शकतात, म्हणून रात्री खुराडं बंदच हवं. पावसाळ्याआधी आणि मध्येही एकदा टर्नबकल आवळावा, आठवड्याला पाला झाडावा.

एवढं करूनही पक्षी अडकलाच तर ओढू नये. डोक्यावर सुती कापड टाकावं, दोरे कात्रीने कापावेत, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवावं, पाणी वा खाणं देऊ नये आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. जाळीचा कापलेला भाग त्याच दोऱ्याने लगेच शिवून घ्यावा.