झूलची तीननळी आणि हातानं भरलेली काडतुसं : नऊ महिने वापरल्यानंतर

आजोबांकडे देवरुखजवळच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. गजानं दारू ठासत असताना ते कुणाशी एक शब्द बोलायचे नाहीत. ती शांतता कशासाठी होती, हे मला जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात येऊन, स्वतः काडतुसं भरायला लागल्यावर कळलं.

गेल्या ऑक्टोबरात मी इथल्या झूल गावात 1934 साली तयार झालेली ड्रिलिंग विकत घेतली. ड्रिलिंग म्हणजे वर शेजारी-शेजारी छर्र्यांच्या दोन नळ्या आणि त्यांच्या पोटाखाली रायफलची तिसरी. माझ्या बंदुकीच्या वरच्या नळ्या 16 बोअरच्या आहेत आणि खालची 9.3 बाय 72 आर या जुन्या काडतुसाची (9.3 मिलिमीटर गोळीचा व्यास, 72 मिलिमीटर पुंगळीची, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळीची, लांबी). दस्त्याच्या मानेवरची कळ पुढे सरकवली की पुढचा चाप रायफलचा होतो आणि त्याच क्षणी नळ्यांवरची आडवी पडलेली मागची नेमपट्टी टक्कन उभी राहते. नव्वद वर्षांनंतरही ती एकदासुद्धा अडकलेली नाही.

आधी एक स्पष्ट सांगतो. जर्मनीत शिकारीचा परवाना असला तरी काडतुसं भरता येत नाहीत. त्यासाठी स्फोटक कायद्याच्या कलम 27 खाली वेगळी परवानगी लागते, तीही अभ्यासक्रम आणि परीक्षा झाल्यावर. मी आधी ते केलं, मग दारू विकत आणली.

पहिले दोन महिने एकही बार काढला नाही. बंदूक एका जाणत्या कारागिराकडे नेली. त्यानं रायफलच्या नळीतून मऊ शिशाचा गोळा हलक्या हातानं ठोकत पार केला आणि त्यावर उमटलेल्या आट्यांचं, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचांचं, माप घेतलं. या जातीच्या जुन्या नळ्या नावाला 9.3 असतात, प्रत्यक्षात वेगवेगळ्या मापाच्या निघतात. माझी सुदैवानं मापात होती. छर्र्यांच्या नळ्यांचे चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, मात्र 65 मिलिमीटरचे निघाले. हल्लीचं 70 मिलिमीटरचं काडतूस त्यात बिनबोभाट बसतं, कारण ते माप उघडलेल्या काडतुसाचं असतं, मिटलेल्याचं नाही. बार झाल्यावर त्याचं तोंड उघडतं ते पुढच्या निमुळत्या भागात आणि दाब वाढतो. बसलं म्हणजे चाललं असं धरू नका, एवढं कळकळीनं सांगतो. छर्र्यांबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही. युरोपीय संघात फेब्रुवारी 2023 पासून पाणथळ जागी शिशाचे छर्रे बंद आहेत. या पातळ नळ्यांतून पोलादी छर्रे चालवायला मन धजत नाही, म्हणून तिथे बिस्मथ या धातूच्या छर्र्यांची 65 मिलिमीटरची काडतुसं वापरतो.

खरा वेळ गेला रायफलच्या नळीत. या काडतुसाची गोळी साधारण 12.5 ग्रॅमची, पातळ कवचाची. एका दुकानदारानं ‘9.3च्याच आहेत’ म्हणून 18.5 ग्रॅमच्या, जाड कवचाच्या गोळ्या पाठवल्या. त्या 9.3 बाय 62 आणि 9.3 बाय 74 आर साठीच्या. व्यास जुळतो, पण या हलक्या दाबाच्या बंदुकीत त्यांचं काही काम नाही. परत पाठवण्यात तीन आठवडे गेले.

त्यानंतर दारूचा प्रश्न आला. 72 मिलिमीटरची ही लांबलचक पुंगळी काळ्या दारूच्या जमान्यातली आहे, त्या दारूनं ती काठोकाठ भरायची. आजची धूररहित दारू जागा कमी घेते. मी भरलेलं पहिलं काडतूस कानाशी धरून हलवलं, तर आत वाळूसारखी सरसर ऐकू आली. मैदानावर तपासलं. बार करण्याआधी नळी आभाळाकडे करून हळूच आडवी आणली की दारू मागच्या टोपीजवळ (जिच्या ठिणगीनं ती पेटते) बसते, जमिनीकडे करून आणली की गोळीजवळ सरकते. गोळीचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवर दोन्हींत सेकंदाला सुमारे 30 मीटरचा फरक. काट्यावर वजन कितीही काटेकोर केलं तरी उपयोग नव्हता. शेवटी दारू बनवणाऱ्याच्या तक्त्यात या काडतुसासाठीच दिलेली, जास्त जागा व्यापणारी दारू निवडली आणि सर्वांत कमी मापापासून सुरुवात केली. आता कानाशी धरलं तर काही ऐकू येत नाही. माझं माप इथे मुद्दाम देत नाही. ते या एका बंदुकीचं आहे, तुमच्या बंदुकीला ते घातक ठरू शकतं.

तरीही गोळ्या वर चढत होत्या. पहिली मध्यावर, दुसरी तिच्यावर दोन बोटं, तिसरी आणखी वर. आठवडाभर मी स्वतःच्या खांद्याला दोष दिला. दोष खांद्याचा नव्हता, नळ्यांचा होता. तिन्ही नळ्या एकमेकींना डाखानं जोडलेल्या. खालची तापून लांबते, वरच्या गारच राहतात, त्यामुळे सगळा जुडगा वरच्या बाजूला किंचित वाकतो. इथले जुने शिकारी याला ‘चढणं’च म्हणतात. तेव्हापासून एक बार, बंदूक उघडी ठेवायची, दहा मिनिटं थर्मासमधला चहा, मग पुढचा. शनिवारची अख्खी सकाळ जाते आणि नऊ बार होतात. पण त्याच गोळ्या 80 मीटरवर चार सेंटिमीटरांत बसू लागल्या. बाजारच्या तयार काडतुसांनी गार नळीतूनही माझ्याकडे दहा सेंटिमीटर घेतले होते.

वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरताना फक्त तोंडाकडे आवळतो, अख्ख्या दाबत नाही. पाच वेळा भरूनही एकीला तडा नाही. पुंगळ्या महाग आहेत आणि सहज मिळत नाहीत, ही तक्रार आहेच. मोठी मर्यादा ताकदीची. कायद्यानं रो या इथल्या लहान हरणाला 100 मीटरवर किमान 1000 ज्यूल लागतात, ते सहज मिळतात. रानडुकराला 2000 लागतात, तिथवर ही पोचत नाही. डुकरांसाठीच हवी असेल तर ही घेऊ नका.

जूनमध्ये संध्याकाळी मचाणावर बसलो होतो. साठेक पावलांवर कुरणाच्या कडेला रो नर आला. कळ सरकवली, नेमपट्टी उभी राहिली, चाप पुढे ढकलून हलका केला. एकच बार, नळी गार. नर जागेवरच कोसळला. बरोबरच्या म्हाताऱ्या शिकाऱ्यानं फरच्या झाडाची डहाळी मोडून त्याच्या तोंडात ठेवली, शेवटचा घास म्हणून. मग डोक्यावरची टोपी काढून ‘वाइडमान्सहाइल’ म्हणाला, हे शिकाऱ्यांचं अभिनंदन. मी ‘वाइडमान्सडांक’ म्हणून आभार मानले, बंदूक उघडली आणि गरम पुंगळी खिशात टाकली. तिचा हा सहावा बार होता.