जिओजेब्रा वापरून बघा, रेषेचं समीकरण डोळ्यांना दिसतं

लेक मराठी मीडियममधून दहावी झाली, अकरावी सायन्सला गेल्यावर रेषेच्या 'चढ'चा (रेषा किती तिरकी आहे त्याचं माप) एकदम इंग्रजी स्लोप झाला आणि क्लासमध्ये एकाच दिवशी रेषेच्या समीकरणाचे चार-पाच फॉर्म्युले फळ्यावर. पाठ केले तिने, पण कुठला कधी लावायचा ते कळेना. म्हणून लॅपटॉपवर जिओजेब्रा क्लासिक घेतलं, समीकरण टाईप केलं की त्याची आकृती काढून दाखवणारं गणिताचं सॉफ्टवेअर, शिकण्यासाठी फुकट आहे. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये हे सुरू केलं होतं.

आमचं गणित होतं (२, ३) आणि (५, ९) मधून जाणारी रेषा. चढ काढताना तिने भागाकारात वर ९ वजा ३ केलं आणि खाली २ वजा ५, म्हणजे क्रम उलटा झाला, चढ आला −२ आणि समीकरण वाय = −२एक्स + ७. मी काहीच बोलले नाही, म्हटलं टाईप कर. रेषा (२, ३) मधून बरोबर गेली पण पुढे खाली उतरून (५, −३) ला पोचली आणि (५, ९) चा ठिपका राहिला वर एकटाच! स्वतःच म्हणाली, अगं आई, वजाबाकी एकाच क्रमाने करायला हवी होती. मग चढ २, समीकरण वाय = २एक्स − १, दोन्ही ठिपके रेषेवर. खरं सांगते, इतका आनंद झाला मला.

त्यात चढाचं टूल आहे ते रेषेला छोटा काटकोन त्रिकोण काढून दाखवतं, एक पुढे गेलं की दोन वर, हे तर मला माझ्या शाळेत कुणी दाखवलंच नव्हतं. दोन बिंदूंतून रेषा काढली तर समीकरणात एक्स-वाय दोन्ही डावीकडे दिसतात, गोंधळू नका, राइट क्लिक करून वाय = एमएक्स + सी असं करता येतं (एम म्हणजे चढ, सी म्हणजे रेषा वाय-अक्षाला जिथे छेदते ती जागा). मोबाइलवरही चालतं पण बोटाने ठिपका नेमका ठेवणं कठीण, लॅपटॉपच बरा.

फक्त आधी वहीत सोडवायला लावा आणि मगच ताडून बघू द्या, कारण आयतं उत्तर दिसलं की मुलं पेन उचलत नाहीत.

सगळ्यात आवडले ते स्लायडर, म्हणजे सरकवून आकडा बदलायच्या पट्ट्या. वाय = एमएक्स + सी टाईप करायचं, सी सरकवला की रेषा वर-खाली, एम सरकवला की कलते. लेकीने एम ५ च्या पुढे वाढवत १०० केला, तरी रेषा काही पूर्ण उभी होईना, तेव्हा तिला कळलं की उभ्या रेषेला चढच नसतो आणि तिथे सरळ एक्स = ४ असं लिहावं लागतं.